नाक

चाळीस वर्षं मी हॅडक मासा धुरावला
ग्रिम्सबीच्या गोदीमागे, डांबरासारख्या काळ्या धुराड्यांत.
भुशाचा धूर कुठे चढतो, कुठे कुढतो,
ईशान्येचा वारा सुटला की कुठली झडप
बोटभर ढकलायची, सगळं नाकानं कळायचं.
गोदीवर म्हणायचे, डॅनटच्या नाकाला घड्याळ लागत नाही.

त्याच नाकाच्या कमाईवर घेतलं शेजारचं घर
आणि दिलं भाड्यानं. डायवा, मासे सोलण्याच्या कारखान्यातली,
लिथुआनियाची; आणि तिचा सात वर्षांचा रोकस.
भाडं एक तारखेला. कधी चुकलं नाही.
माझा कागद मात्र चुकला.
गॅसची वार्षिक तपासणी मार्चात संपली,
मी म्हटलं, बघू ईस्टरनंतर,
मग म्हटलं, उन्हाळ्यात शेगडी पेटवतंय कोण.

ऑक्टोबरात डायवा कुंपणाशी आली.
म्हणाली, रविवारी डोकं दुखतं. कामावर गेलं की थांबतं.
पोरगं गालिच्यावरच झोपून जातं, दुपारी, खेळता खेळता.
मी आत गेलो, दिवाणखान्यात उभा राहिलो,
नाक वर केलं, दोनदा हुंगलं
आणि निकाल दिला: काही नाही. पाणी पीत जा.
शेगडीच्या वर भिंतीवर काजळीचा एक ओघळ होता.
तो मी पाहिला.
म्हटलं, रंग द्यायला झालाय.

जोडी स्मेदली आली ती माझ्या मुलीनं फोनवर
माझी खरडपट्टी काढल्यावर. तिशीची, खिशाला ओळखपत्र,
ते तिनं मी न मागता दाखवलं. मी मागायला हवं होतं.
शेगडी पेटवली. ज्योत पिवळी, आळसावलेली.
निळी हवी, ती म्हणाली, आणि गुडघ्यावर बसून
एक धुराची काडी चिमणीच्या तोंडाशी धरली.

नाकाशी सूत धरतात ना,
माणूस आहे की गेला ते पाहायला, तशी.

धूर वर गेला नाही.
क्षणभर घुटमळला, मग वळला
आणि खोलीत आला, आमच्याकडे,
घरचा असल्यासारखा.

तिनं गॅस तोडला. शेगडीवर लेबल लावलं, वापरू नये,
आणि डायवाला समोर बसवून समजावलं,
मला नाही. मग माझ्याकडे पाहिलं:
याला वास नसतो, मिस्टर डॅनट.
कुणाच्याच नाकाला.

चिमणीतून जॅकडॉ पक्ष्याचं घरटं निघालं, दोन बादल्या.
काटक्या, लोकर, कुणाच्या तरी स्वेटरचा बटणासकट तुकडा,
आणि जाळी विणायची निळी दोरी, आमच्याच गोदीवरची.
भाडं न देता राहत होता कुणीतरी वरती,
आणि मी खाली पावत्या फाडत होतो.

नवी शेगडी बसली. भिंतीवर पांढरी गजराची डबी.
प्रमाणपत्राची प्रत द्यायला कायदा अठ्ठावीस दिवस देतो.
मी त्याच संध्याकाळी गेलो, बूट काढून.
डायवानं ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली,
तारखेवर बोट ठेवलं,
आणि पुढल्या वर्षीची तारीख मला
माझ्याच तोंडून वदवून घेतली. दोनदा.
चहा विचारला नाही. बरोबर केलं.

आता रोकसचं काम ठरलंय:
रविवारी सकाळी दहाला खुर्चीवर चढून
डबीचं बटण दाबायचं.
भिंतीपलीकडून टीं टीं येतं,
मी काठीनं दोन ठोके देतो.
एवढंच आमचं बोलणं.

गेल्या रविवारी दहा वाजले.
दहा पाच.
दहा सात झाले तेव्हा मी मोज्यांवरच
ओल्या फरशीवर होतो, किल्ली उलटी घालत,
पत्रपेटीच्या फटीत नाक खुपसून हुंगत,
हे नाक काही कामाचं नाही
हे माहीत असून हुंगत.

समोरच्या घरातली बाई ओरडली,
ते क्लायपेडाला गेलेत आजीकडे, बुधवारी येतील,
तुम्हाला सांगून नाही गेले का?

गेले होते. फ्रिजवर चिठ्ठी आहे, माझ्याच अक्षरात.